हवेतील चवदार तळे



कागदावर हक्क असणे निराळे आणि तो हक्क प्रत्यक्ष बजावणे निराळे. हा धडा आपल्या समाजास दुसऱ्या कोणी शिकवावा लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाल्याचे जाहीर झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव करून चवदार तळे खुले केले. ठराव झाला, दप्तरी दाखल झाला. परंतु त्या तळ्याचे ओंजळभर पाणी आमच्या कोणाच्या ओठाला लागले काय? त्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांच्यामागून हजारोंनी पाण्याला हात लावला, आणि मगच तो मेलेला ठराव जिवंत झाला.

आज आम्ही तुम्हांस अशाच एका दुसऱ्या तळ्याकडे बोट दाखविणार आहोत. हे तळे डोळ्यांना दिसत नाही. ते तुमच्या घरावरून, विहारावरून आणि शेतावरून अहोरात्र वाहत असते. ते आहे हवेतील लहरींचे, म्हणजे नभोवाणीचे तळे.

या तळ्याचाही ‘ठराव’ झालेला आहे. क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावयाचे, अशा वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या भांडणात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचेच सुपुत्र. निकालाचा मथितार्थ असा, की हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि धनिकांचीही असू नये. लोकांच्या नाना प्रकारच्या मतांना तेथे वाव मिळाला पाहिजे. बोले यांच्या ठरावाइतकाच हा निकाल स्वच्छ आहे.

मग पुढे काय झाले? पुढे तेच झाले, जे नेहमी होते. न्यायालयाने तळे सर्वांना खुले केले आणि सर्वांत आधी पाण्यावर पोहोचले ते घागर भाड्याने आणू शकणारे! लहरींचे लिलाव पुकारले गेले. २००१ सालापासून शहरोशहरी खाजगी कंपन्यांची केंद्रे गाऊ लागली. शिक्षणसंस्थांना परवानगीचे दार उघडले ते २००२ च्या अखेरीस. त्या धोरणाखाली देशातील पहिले केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झाले. आणि गावातील सामान्य माणसांच्या नोंदणीकृत संस्थेला केंद्र चालविता येईल असे धोरण येण्यास २००६ चा नोव्हेंबर उजाडला. श्रीमंतास सहा वर्षे, गरिबास अकरा! पंगत एकच, पण पाने मांडण्याचा क्रम पाहा.

आता कोणी म्हणेल, ‘उशिरा का होईना, दार उघडले ना? केंद्रे निघाली, नवी नवी नावे आली. आणखी काय पाहिजे?’ येथेच आम्हांस तुमच्याशी भांडावयाचे आहे. नवे केंद्र म्हणजे काय, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलाच नाही. नाव नवे, निवेदकाचा खाकरा नवा, मात्र गाणी तीच, जाहिराती त्याच आणि ऐकणाराचे तोंड पूर्वीइतकेच बंद. यास आम्ही नवे केंद्र म्हणत नाही. जुन्या मडक्याला चुना लावला म्हणून त्यातील पाणी नवे होत नाही.

या देशात नभोवाणीने लोकांना काय आवडावे हे पूर्वीपासूनच वरून ठरविले. १९४० साली पेटी हे वाद्य नभोवाणीवर वर्ज्य ठरले. ज्या पेटीच्या सुरावर आमच्या जलशांचे आणि गावोगावच्या भजनी मंडळांचे गाणे उभे राहिले, ती पेटी शास्त्राला बाधते म्हणून बाहेर! १९५२ साली मंत्री झालेले बा. वि. केसकर यांना चित्रपटगीते हिणकस वाटली आणि त्यांनी त्यांना जवळजवळ हद्दपार केले. श्रोते उठून सिलोनचे केंद्र लावू लागले, तेव्हा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. यातील मर्म ध्यानी घ्या. एकाने ठरविले की लोकांस शास्त्रीय गाणे द्यावे, दुसऱ्याने ठरविले की सिनेमाचे द्यावे. देणारा बदलला, घेणारा घेणाराच राहिला. लोकांच्या हाती मायक्रोफोन द्यावा, हे मात्र कोणासही सुचले नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. केंद्र नवे ठरते ते कार्यक्रमाने नव्हे, बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याने. ज्या केंद्रात कालचा श्रोता आज वक्ता होतो, तेच नवे. ही कवीची कल्पना नव्हे. अशी केंद्रे जगात झालेली आहेत, आणि पुष्कळदा तुमच्या-आमच्यासारख्या दरिद्री माणसांनीच ती उभी केली आहेत. चार उदाहरणे देतो. ती घरात मोठ्याने वाचून दाखवा.

पहिले उदाहरण अगदी आपल्या अंगणातील. १९५६ साली, ज्या वर्षी आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावात श्रोत्यांचे एक मंडळ बसे. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा, तो संपताच त्यावर चर्चा करावयाची, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे. त्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांतून उत्तर मिळे. कॅनडातील शेतकऱ्यांनी १९४१ पासून हीच पद्धत चालविली होती; वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे तिचे सूत्र. पाहा, ऐकणाऱ्याने नुसते कान दिले नाहीत, प्रश्नही दिला. प्रश्न विचारणारा श्रोता हा अर्धा वक्ता असतो.

दुसरे उदाहरण दूरच्या दक्षिण अमेरिकेचे. बोलिव्हिया देशातील कथिलाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांनी १९४० नंतरच्या दशकात स्वतःची केंद्रे काढण्यास आरंभ केला. पैसा कोणाचा? मजुरांचाच, वेतनातील काही भाग कापून देत त्यांनी ती चालविली. युनियनचा निरोप, हरवलेल्या मुलाची वर्दी, कामगाराच्या बायकोची तक्रार, सारे त्या केंद्रांवरून बोलले जाई. जुलै १९८० मध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा या लहानलहान केंद्रांनी एकमेकांशी साखळी जोडली आणि सैनिक दारात येईपर्यंत जगाला खरी हकीकत सांगितली. जे केंद्र श्रोत्यांच्या घामाच्या पैशावर उभे असते, ते बंदुकीपुढेही खोटे बोलत नाही. जाहिरातदाराच्या पैशावर उभे असलेले केंद्र हे धैर्य कोठून आणणार?

त्याच खंडातील कोलंबिया देशात सुतातेन्सा नावाच्या खेड्यात १९४७ साली एका पाद्र्याने शाळाच नभोवाणीवर भरविली. निरक्षर शेतकरी एखाद्याच्या घरी जमत. बॅटरीवरील यंत्रातून गुरुजींचा आवाज येई, आणि गावातीलच एक अक्षरओळख असलेला मनुष्य फळ्यावर ती अक्षरे गिरवून दाखवी. विचार करा, ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला या शाळेचे मोल दुसऱ्याने सांगावे काय?

आणि चौथे उदाहरण ऐकताना तुमची मान ताठ होईल. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहिराबाद लागते. त्याच्या जवळ माचनूर नावाचे गाव आहे. तेथील दलित स्त्रियांनी, शेतात भरडधान्य पिकविणाऱ्या गरीब बायांनी, आपले ‘संगम रेडिओ’ केंद्र उभारले. इमारत झाली, यंत्रे आली, पण परवाना नाही! मग या बाया गप्प बसल्या काय? जवळजवळ दहा वर्षे त्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि फिती गावोगावच्या बैठकांत नेऊन वाजविल्या. लहरींची वाट बंद होती, तेव्हा त्या पायवाटेने गेल्या. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्र सुरू झाले. आणि उद्घाटनास कोण आले? ज्यांच्या लेखणीतून १९९५ चा निकाल उतरला, तेच न्यायमूर्ती सावंत! केंद्राचा कारभार पाहणाऱ्या दोघींचे नाव एकच, नरसम्मा. भाषा पुस्तकातील तेलुगू नव्हे, शेतातील आणि चुलीपुढील. बियाणे कसे राखावे, बाळंतिणीला काय द्यावे, जुनी गाणी कोणती, हे त्यांच्यातीलच बाया सांगतात. निकाल कागदावरून उतरून पाण्यापर्यंत पोहोचला तो असा. या दोघींनी तेथे ओंजळ भरली.

आता आमच्यावर येणारे आक्षेप आम्हीच मांडतो.

पहिला आक्षेप सुशिक्षित तरुणांचा. ते म्हणतात, ‘हातोहाती मोबाइल आहे, नभोवाणीचा जमाना गेला.’ आम्ही त्यांस विचारतो, त्या मोबाइलवर तुमच्यापुढे काय यावे, हे कोण ठरवितो? सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचे यंत्र ठरविते. तुमच्या वस्तीचा निरोप त्या यंत्राला कवडीमोलाचा आहे. आणि मोबाइलचा खरा उपयोग पाहावयाचा असेल, तर छत्तीसगडकडे पाहा. तेथे २०१० साली ‘सीजीनेट स्वरा’ नावाचा उपक्रम सुरू झाला. आदिवासी माणूस साध्या फोनवरून एका क्रमांकाला फोन करतो, स्वतःच्या बोलीत आपली हकीकत ध्वनिमुद्रित करतो, आणि दुसरे लोक फोनवरूनच ती ऐकतात. मनोरा नाही, इमारत नाही, तरी केंद्र आहे! म्हणजे यंत्र जुने की नवे, हा वादच पोकळ. बोलण्याची पाळी कोणाची, हा खरा वाद आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच पुढाऱ्यांचा. त्यांना वाटते, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी मोठ्या केंद्रांवर आपली एकेक तासाची व्यवस्था झाली म्हणजे कार्यभाग उरकला. ही अर्जदाराची वृत्ती आहे. बाबासाहेबांचे भाषण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून झाले. आपले तत्त्वज्ञान बुद्धापासून घेतले आहे, असे त्यांनी देशाला सांगितले. ते ऐकून आपल्या लोकांची छाती फुलली, ती योग्यच. परंतु एका महापुरुषाला मायक्रोफोन मिळाला म्हणजे त्याच्या समाजाला मिळाला, असे होत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढला, तो दुसऱ्यांच्या पत्रांत एखादा रकाना मागण्यासाठी नव्हे. रकाना मागणारा रकान्याएवढाच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. आपण शंभर वर्षांनंतरही रकानाच मागावयाचा काय?

तिसरा दोष आमचा सर्वांचाच आहे, म्हणून तो अधिक कठोरपणे सांगतो. उद्या केंद्र हाती आले तर आपण त्याचे काय करू? पहाटे वंदना, दुपारी भीमगीते, सायंकाळी पुढाऱ्याचे भाषण, आणि रात्री पुन्हा भीमगीते! गीतांविषयी आम्हांस आदर आहे. जलशांनी जे केले ते हजार सभांनी झाले नाही. पण जेथे एक पुढारी बोलतो आणि वस्ती ऐकते, ते केंद्र वस्तीच्या मालकीचे असले तरी जुनेच आहे. पुरोहिताच्या जागी निवेदक बसवून काय मिळविले? आणि मायक्रोफोनपुढे पुरुषच बसणार असतील, तर माचनूरच्या नरसम्मा आपल्याला हसतील. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ साली निघाली आणि तिने दुष्काळी मुलखातल्या बायांचा आवाज हवेवर नेला. मग आपल्याच वस्तीतील बाई बोलावयास का लाजते, याचा विचार घरातील पुरुषांनी करावा.

तर मग आपले केंद्र कसे असावे? आमच्या काही सूचना आहेत. त्या विचित्र वाटल्या तरी चालेल; चवदार तळ्यावर जाण्याची कल्पनाही महाडकरांना विचित्रच वाटली होती.

एक तास असा असावा, की ज्यात फक्त सरकारी कागद वाचले जावेत. शिष्यवृत्तीचा आदेश, स्वस्त धान्याचा नियम, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे, सोप्या बोलीत, दोनदा, सावकाश. १९९० साली कायदा बदलून अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. तरी दाखल्यासाठी कचेरीत गेलेला किती बाप ‘तुम्ही धर्म बदलला, आता तुमचे काही नाही’ हे ऐकून मुकाट परततो! ज्या घरात हे कलम रोज कानावर पडेल, त्या घरातील बाप परतणार नाही.

दुसरा तास जाबाचा. पुण्याच्या मंडळांनी प्रश्न पाठविले, तसे वस्तीने पाठवावेत. आणि ग्रामसेवक, मुख्याध्यापक, दवाखान्याचे डॉक्टर यांना बोलावून उत्तर विचारावे. कोणी आले नाही, तर तेवढा वेळ केंद्र शांत ठेवावे आणि दर पाच मिनिटांनी सांगावे, की अमुक कचेरीची आम्ही वाट पाहत आहोत. अशा शांततेस भाषणापेक्षा धार असते.

तिसरा तास आजींचा. १९५६ च्या दीक्षेची प्रत्यक्ष आठवण असलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. घरातील देव कोणी उचलले, गावकीचे काम कोणी सोडले, त्यापायी कोणते बहिष्कार सोसले, हे त्यांच्यासह जाईल. आणि ज्या कुटुंबाने कालपरवा दीक्षा घेतली त्याच्या शंकाही याच तासात बोलल्या जाव्यात. लग्न कसे लावावे, सुतकाचे काय, सोयरे तुटले तर काय, या प्रश्नांची त्याला लाज वाटता कामा नये.

चौथा तास मुलांचा. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाने येथे पुढे बसून धडा वाचावा. ज्याच्या वाचनास सारी वस्ती कान देते, ते मूल शाळा सोडत नाही.

आणि आता सर्वांत मोठ्या अन्यायाकडे येतो. सामुदायिक केंद्राला स्वतःची बातमी देण्यास मनाई आहे! आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी ऐकवावी, एवढीच सवलत. हवामान सांगा, परीक्षेच्या तारखा सांगा, पाणीपुरवठ्याची सूचना सांगा, त्यास बातमी म्हणत नाहीत. म्हणजे ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ असे सांगता येईल. पण ‘आमच्याच वस्तीच्या नळाला पाणी का येत नाही’ असे विचारले, की ती बातमी झाल्याची धास्ती! वर्तमानपत्राला जे स्वातंत्र्य आहे, दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना जे स्वातंत्र्य आहे, ते शंभर वॅट शक्तीच्या आणि काही कोसांपलीकडे ऐकू न जाणाऱ्या गरिबाच्या केंद्रास नाही. हे कोणते भय? प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन केंद्रावर आहेच. चूक झाली तर पुरावा सरकारच्या हाती आहे. मग आगाऊ तोंड बांधण्याचे कारण काय? कारण एकच दिसते. गावाची बातमी गावाच्याच तोंडून निघाली, तर ती दाबता येत नाही.

२०२४ साली सरकारने या केंद्रांच्या नियमांत बदल केले. जाहिरातींना तासामागे बारा मिनिटे दिली, परवान्याची मुदत दहा वर्षांची केली, सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही ठरविले. हे शेवटचे आम्हांस मान्य आहे. पण जाहिरातीला बारा मिनिटे आणि गावाच्या बातमीला शून्य? साबण विकावयास मुभा, सत्य सांगावयास बंदी! ही बंदी उठलीच पाहिजे, आणि ती उठविण्याची मागणी आपल्या प्रत्येक सभेच्या ठरावात आली पाहिजे.

पण मागणी करून हात जोडून बसू नका. देशात चारशेहून अधिक सामुदायिक केंद्रे झाली. त्यांपैकी आपल्या वस्त्यांनी चालविलेली किती, हे मनाशी मोजून पाहा. परवान्यासाठी संस्था किमान तीन वर्षांची नोंदणीकृत असावी लागते. एकट्या व्यक्तीला परवाना मिळत नाही, राजकीय पक्षाला मिळत नाही. तेव्हा गटबाजी बाजूस ठेवून लोकांची संस्था आजच नोंदवा. नाहीतर तीन वर्षांनी तुम्ही आणखी तीन वर्षे मागे असाल. आणि ही तीन वर्षे मुकाट घालवू नका. माचनूरच्या बायांजवळ फिती होत्या, तुमच्या खिशात मोबाइल आहे. दर पौर्णिमेला वस्तीतील चार माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यांत दोन स्त्रिया असल्याच पाहिजेत. रविवारी विहारात सर्वांनी बसून ते ऐका आणि त्यावर चर्चा करा. हेच तुमचे पहिले केंद्र. परवाना मागाहून येईल; आवाजाची सवय आधी लागू द्या.

महाडला तळ्याचे पाणी काही जगावेगळे नव्हते. ते प्याल्यावाचून आपण मेलो असतो असेही नव्हे. आपणही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ती ओंजळ भरावयाची होती. हवेतल्या या तळ्याचेही तसेच आहे. त्यावरून आपला आवाज गेला नाही तर कोणी मरणार नाही. पण ज्याचा आवाज कोठेच ऐकू जात नाही, त्याच्यावरील जुलूमही कोठे ऐकू जात नाही. निकाल लागून तीस वर्षे उलटली. तळे खुले आहे. पायऱ्या उतरणार कोण, एवढाच प्रश्न उरला आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या कोणी द्यावयाचे नाही.

जय भीम!